अमेरिकेतल्या गावाची उंची कशी बघायची: पाटीवरचा आकडा, नकाशावरच्या रेषा आणि शेजारची नदी

अमेरिकेत पश्चिमेकडच्या राज्यांतून गाडीनं फिरलात की गावात शिरताना हिरवी पाटी लागते, गावाचं नाव आणि खाली उंची, कॅलिफोर्नियात तर लोकसंख्या पण असते. तिथलं न्यू कुयामा नावाचं छोटंसं गाव आहे, त्यांच्या पाटीवर लोकसंख्या ५६२, उंची २,१५० फूट, स्थापना १९५१ असे तिन्ही आकडे लिहून खाली चक्क बेरीज केलेली आहे, ४,६६३. त्या बेरजेला काही अर्थ नाही हे कुणालाही कळतं, पण नुसता उंचीचा आकडा एकटा घेतला तर त्यालाही फारसा अर्थ नसतो, हे मला इथे कोलोरॅडोत राहायला आल्यावर हळूहळू कळलं. घर बघताना, आईबाबांना फिरायला नेताना, साधी डाळ शिजवताना, दर वेळी प्रश्न एकच येतो, उंच म्हणजे कशापासून उंच? ते कसं शोधायचं ते सगळं एका जागी लिहिते, इथे नवीन आलेल्यांना आणि ज्यांचे आईवडील उन्हाळ्यात येणार आहेत त्यांना नक्की कामाला येईल.

आधी फुटांची सवय करून घ्या. इथे सगळं फुटांत असतं, मीटर हवे असतील तर ३.२८ नं भागायचं. डेन्व्हरला माइल हाय सिटी म्हणतात कारण ५,२८० फूट म्हणजे बरोबर एक मैल, आपल्या हिशोबात १,६०९ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. आणि डेन्व्हरचा विमानतळ ५,४३४ फुटांवर, म्हणजे १,६५६ मीटर! थोडक्यात विमानातून उतरून बॅगांच्या पट्ट्याशी उभे राहिलात की तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा दहाएक मीटर वर उभे असता, आणि आजूबाजूला बघाल तर सपाट माळरान. ना कडा ना घाट. म्हणून उंची आणि चढउतार या दोन गोष्टी डोक्यात पहिल्यापासून वेगळ्या ठेवा, उंची समुद्रापासून मोजतात, चढउतार आजूबाजूच्या जमिनीच्या मानानं बघायचा असतो. डेन्व्हर खूप उंच आहे आणि बरंच सपाट आहे, दोन्ही एकाच वेळी.

दुसरं म्हणजे गावाची उंची ही गावातल्या एका टिंबाची उंची असते, बहुतेक वेळा गावाच्या मधल्या भागातलं कुठलंतरी टिंब. डेन्व्हरला राज्याच्या कॅपिटॉल इमारतीच्या पश्चिमेच्या पायऱ्या आहेत, तिथे पंधराव्या पायरीवर 'समुद्रसपाटीपासून एक मैल' असं कोरलंय. १९६९ मध्ये विद्यार्थ्यांनी परत मोजलं तर मैल अठराव्या पायरीवर निघाला, तिथे पितळी चकती बसवली. २००३ मध्ये आणखी एकदा मोजलं तर तेराव्या पायरीवर, तिथेही चकती. पाहुणे आले की मी त्यांना तिन्ही पायऱ्यांवर उभं करून फोटो काढते. इमारत तीच, पायऱ्या त्याच, मग मैल खालीवर कसा झाला, तर मोजायची पद्धत बदलली आणि 'समुद्रसपाटी' कशाला धरायची तेही बदललं. समुद्र इथून हजारेक मैल लांब आहे, त्यामुळे ती पातळी हिशोबानं इथवर आणावी लागते. जुनी पातळी १९२९ ची, नवी १९८८ ची, तिला एनएव्हीडी ८८ म्हणतात. कोलोरॅडोत दोन्हींत साधारण तीन फुटांचा फरक पडतो, डोंगरात आणखी जास्त. माउंट एल्बर्ट हे कोलोरॅडोतलं सगळ्यात उंच शिखर, जुन्या नकाशांवर १४,४३३ फूट आणि नंतर १४,४४० झालं, डोंगर काही वाढला नाही. ट्रेकला जाताना हा फरक सोडून द्या, पण पुराचा हिशोब करताना अजिबात सोडू नका, तिथे तीन फूट म्हणजे घरात गुडघ्याच्या वर पाणी. दोन आकडे वजा करायचे असतील तर दोन्ही एकाच समुद्रपातळीपासून मोजलेले आहेत ना, एवढं आधी बघा.

आता आपल्या पत्त्याची उंची कशी काढायची. यूएसजीएस म्हणून सरकारी संस्था आहे, १८७९ पासूनची, त्यांचा नॅशनल मॅप नावाचा ऑनलाइन नकाशा आहे, फुकट. त्यात पत्ता टाका, झूम करा, स्पॉट एलिव्हेशनचं टूल घेऊन घरावर क्लिक करा, फुटांत आकडा येतो. एका क्लिकवर थांबू नका, घरावर, अंगणाच्या चारही कोपऱ्यांवर, रस्त्यावर, जवळच्या ओढ्यात अशा आठदहा ठिकाणी क्लिक करून कागदावर लिहून घ्या, जमीन कुठे उतरतेय ते लगेच दिसतं. त्याच नकाशात हिलशेड नावाचा लेअर आहे तो चालू करून बघाच. विमानातून लेझर सोडून जमीन मोजतात, त्याला लायडार म्हणतात, त्यातून झाडं आणि घरं वगळून उघडी जमीन दिसते, जुने कोरडे ओढे, खचलेली दरड, कुणीतरी भर घालून केलेला सपाट तुकडा, असं जागेवर उभं राहून न दिसणारं बरंच काही त्यात दिसतं. गुगल अर्थमध्ये पण कर्सर फिरवला की कोपऱ्यात उंची येते, आणि कॉम्प्युटरवरच्या गुगल अर्थमध्ये रेघ ओढून तिच्यावरचा चढउतार आलेखासारखा बघता येतो, ड्राइव्हच्या आधी ते छान पडतं. फोनच्या जीपीएसवर मात्र उंचीसाठी अवलंबून राहू नका, आडव्या जागेपेक्षा उभ्या उंचीत त्याची चूक जास्त असते, आणि फोनमध्ये हवेच्या दाबावर चालणारा सेन्सर असेल तर हवामान बदललं की आकडा बदलतो.

पण खरी मजा टोपो नकाशात आहे. शाळेत भूगोलात समोच्च रेषा शिकलो होतो ना, त्याच. यूएसजीएसनं जवळपास सगळा देश अक्षांश-रेखांशाच्या साडेसात मिनिटांच्या चौकोनांत कापून १:२४,००० प्रमाणावर काढलाय, म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवर २,००० फूट. १९९२ पर्यंत असे पंचावन्न हजारांहून जास्त नकाशे झाले. जुने स्कॅन टोपोव्ह्यू नावाच्या साइटवर फुकट मिळतात, अगदी १८८० च्या दशकातले सुद्धा, आणि २००९ पासूनचे नवे कॉम्प्युटरवर केलेले यूएस टोपो वेगळे आहेत. माझं मत विचाराल तर दोन्ही उतरवून घ्या पण वाचायला जुना हातानं केलेला घ्या, त्यात विहिरी, खाणी, पवनचक्क्या, जुने रस्ते असं पुष्कळ असतं. एक लक्षात ठेवा, तुमचं गाव बरोबर चौकोनाच्या मधे असेल असं नाही, गाव कोपऱ्यात आलं तर दोन किंवा चार नकाशे घ्यावे लागतात, आणि नकाशाचं नाव भलत्याच गावाचं किंवा डोंगराचं असू शकतं.

नकाशा उघडला की सगळ्यात आधी तळाशी जा, तिथे दोन रेषांमधलं अंतर लिहिलेलं असतं. डोंगराळ भागात बरेचदा ४० फूट, फ्लोरिडासारख्या सपाट भागात ५ फूट. हे न वाचता नुसतं 'रेषा किती दाट आहेत' बघितलंत तर फसाल, फ्लोरिडातली छोटीशी टेकडी कोलोरॅडोतल्या डोंगरासारखी दिसेल. रेषा तपकिरी असतात, दर पाचवी जाड आणि तिच्यावर आकडा. समजा अंतर ४० फूट आहे, तर एका जाड रेषेपासून दुसऱ्या जाड रेषेपर्यंत २०० फूट चढ. आता पट्टी लावा, त्या दोन जाड रेषा अर्ध्या इंचावर आहेत म्हणजे जमिनीवर १,००० फुटांवर, म्हणजे हजारात दोनशे, वीस टक्के चढ. चालताना धाप लागेल असा. त्याच दोन रेषा दोन इंचांवर असत्या तर पाच टक्के, आरामात सायकल जाईल. हे एकदा पट्टी घेऊन आपल्याच घराच्या भोवती करून बघा, दोन दिवसांत डोळा बसतो.

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला पुढचं सोपं आहे. रेषा डोंगराच्या आत, वरच्या बाजूला इंग्रजी व्हीसारख्या टोकदार होऊन शिरल्या की ती घळ, तिथून पाणी येणार, व्हीचं टोक नेहमी नदीच्या वरच्या अंगाला असतं. व्हीचं टोक उताराकडे आलं की ती सोंड. दोन गोल गोल शिखरांच्या मधे रेषा कमरेसारख्या आत आल्या की खिंड. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा. आणि बंद गोलाच्या आतल्या बाजूला बारीक काटे काढलेले असतील तर ती टेकडी नाही, खड्डा आहे, फ्लोरिडात आणि केंटकीत चुनखडी विरघळून जमीन खचते तिथे असे खूप दिसतात. बीएम लिहिलेलं टिंब म्हणजे नीट मोजून ठेवलेला बेंचमार्क, जागेवर बरेचदा पितळी चकती असते, ती शोधायला मुलांना घेऊन जा, त्यांना फार आवडतं. जुन्या नकाशावर जांभळा रंग दिसला तर तो भाग नंतर विमानातल्या फोटोंवरून घातलेला असतो, नवीन वस्ती, नवीन रस्ता वगैरे.

काउंटीचं (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) काय, असं विचारतात लोक, 'या काउंटीची उंची किती?' काउंटीची एक उंची नसते हो. कॅलिफोर्नियातली इन्यो काउंटी घ्या, तिच्यात डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर आहे, समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली, आणि तिच्याच पश्चिम हद्दीवर माउंट व्हिटनी, १४,५०५ फूट. दोन्हींत सरळ रेषेत पंच्याऐंशीएक मैल. याची सरासरी काढून काय करणार! माझ्या बाजूची लॅरिमर काउंटी बघा, लव्हलँड ४,९८२ फुटांवर आणि त्याच काउंटीतलं एस्टेस पार्क ७,५२२ फुटांवर, हवामान वेगळं, बर्फ वेगळा, घराला लागणारी हीटिंग वेगळी. साधा ठोकताळा असा की दर हजार फुटांना तापमान साडेतीनेक डिग्री फॅरनहाइटनं उतरतं, म्हणजे लव्हलँडपेक्षा एस्टेस पार्कला आठनऊ डिग्री कमी धरा. म्हणून काउंटीसाठी सगळ्यात खालची जागा, सगळ्यात वरची जागा आणि लोक जिथे राहतात त्या दोनतीन गावांची उंची एवढं शोधा. खालची जागा बहुतेक वेळा नदी काउंटीतून बाहेर पडते तिथेच सापडते.

सपाट भागात फसगत वेगळ्या प्रकारची होते. कॅन्ससला लोक पोळपाटासारखं सपाट म्हणतात, पण कॅन्सस सिटीपासून डेन्व्हरपर्यंत आय-७० हायवेनं या, सहाशे मैलांत चार हजार फुटांहून जास्त चढता आणि पत्ता लागत नाही, मैलाला जेमतेम सात फूट. राज्यातली सगळ्यात उंच जागा माउंट सनफ्लॉवर, ४,०३९ फूट, कोलोरॅडोच्या हद्दीला लागून, पण तिथे उभं राहिलं तर डोंगर म्हणून काहीच दिसत नाही, जमीनच तिरकी आहे. न्यू ऑर्लिन्सला तर उलटंच, तिथे नदीकाठची जमीन उंच आणि नदीपासून लांब जाल तसं खाली. मिसिसिपीनं हजारो वर्षं पुराचा गाळ काठावर टाकून टाकून काठ उंच केलाय, जुना फ्रेंच क्वार्टर त्यावर बसलाय, आणि २००५ मध्ये कॅटरिना वादळाच्या वेळी शहराचा साधारण ऐंशी टक्के भाग पाण्यात गेला तेव्हा ही जुनी काठावरची पट्टी बऱ्यापैकी वाचली. अशा ठिकाणी दोनतीन फूट सुद्धा मोठी गोष्ट असते, ५ फुटांच्या रेषांचा नकाशा आणि लायडार दोन्ही बघा.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते, नदी. 'आम्ही डोंगरात उंचावर घर घेतोय, तिथे कसला पूर' हे वाक्य मी आपल्याच लोकांकडून इतक्या वेळा ऐकलंय. नॉर्थ कॅरोलायनातलं ॲशव्हिल २,१३४ फुटांवर आहे, समुद्रापासून शेकडो मैल आत, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या पावसानं फ्रेंच ब्रॉड नदीनं तिथे १९१६ चा विक्रम मोडला, नदीकाठचा आर्ट्स डिस्ट्रिक्ट आणि स्वानानोआ नदीजवळचं बिल्टमोर व्हिलेज पाण्यात गेलं. २,१३४ हा आकडा खोटा नव्हता, पण पाणी समुद्रातून येणारच नव्हतं, ते वरच्या डोंगरांवरून उतरून दरीत गोळा झालं. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीला पंचगंगा-कृष्णेचं पाणी बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि माझ्या इथलं बिग थॉम्पसन. एस्टेस पार्कपासून लव्हलँडपर्यंत नदी अडीच हजार फूट उतरते, बराचसा उतार अरुंद घळईतून, आणि हायवे ३४ नदीच्या अगदी कडेकडेनं. त्या भागाचा टोपो नकाशा उघडा, निळी रेघ, तिला चिकटून रस्ता, आणि दोन्ही बाजूंना तपकिरी रेषा इतक्या दाट की कागद तपकिरी रंगवल्यासारखा वाटतो. ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी वरच्या बाजूला काही तासांत बारा इंचांच्या आसपास पाऊस पडला, शनिवार, सुट्टीचा वीकेंड, घळईत गर्दी, आणि त्या रात्री १४० हून जास्त माणसं गेली. खाली काहींच्या डोक्यावर पाऊसही फारसा नव्हता. बरेच जण गाडीनं घळईतून बाहेर पडायला बघत होते, पण पाणी रस्त्याच्याच वाटेनं येत होतं. त्यानंतर कोलोरॅडोतल्या घळयांमधे पाट्या लागल्या, पूर आला तर वर चढा. गाडी सोडायची आणि उतारावर पायी चढायचं. रेषा दाट आहेत याचा अर्थ तिथे वीसतीस पावलांत तुम्ही पुराच्या वर जाऊ शकता, हे त्याच नकाशात दिसतं.

तर घर बघताना असं करा. घराच्या जागेची उंची घ्या, मग जवळच्या नदी-ओढ्याची, अगदी घराच्या समोरच्या टप्प्यावरची, आणि वजा करा. हा आकडा पाटीवरच्या उंचीपेक्षा शंभर पटीनं महत्त्वाचा आहे. मग ओढ्याच्या वरच्या अंगाला किती मोठा प्रदेश त्यात पाणी सोडतो ते रेषांवरून बघा, डोंगराच्या धारेवरून बोट फिरवत जा, धारेच्या अलीकडचं सगळं पाणी तुमच्या ओढ्याचं. घळई संपून माळ सुरू होतो त्या तोंडावर घर असेल तर जास्त काळजी घ्या. त्यानंतर फेमाच्या, म्हणजे इथल्या सरकारी आपत्ती संस्थेच्या, फ्लड मॅप साइटवर पत्ता टाका. एई झोन, म्हणजे पुराचा जास्त धोका असलेला पट्टा, असेल तर तिथे पुराच्या पाण्याची अपेक्षित उंची फुटांत दिलेली असते, घराच्या सगळ्यात खालच्या मजल्याची उंची तिच्याशी लावून बघा, विकणाऱ्याकडे एलिव्हेशन सर्टिफिकेट (घराची मोजलेली उंची लिहिलेला कागद) आहे का विचारा, लाजू नका. 'शंभर वर्षांचा पूर' या शब्दानं निश्चिंत होऊ नका, त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता, आणि तीस वर्षांच्या कर्जाच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता सव्वीस टक्के होते, म्हणजे चारात एक.

शेवटी आईवडिलांना फिरवण्याबद्दल, कारण यात मी स्वतः चुकले. पुणे साधारण १,८५० फुटांवर. आईबाबा आले, दुसऱ्याच दिवशी मी त्यांना लेडविलला नेलं, तिथे रात्रीसाठी छोटं केबिन घेतलं होतं, फोटो सुंदर होते आणि उंची मी बघितलीच नव्हती. लेडविल १०,१५२ फुटांवर आहे. वाटेत आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ आणि फ्रीमाँट पास ११,३१८. संध्याकाळी आईनं वरणासाठी तूरडाळ पातेल्यात शिजत ठेवली, पाणी खळाखळा उकळतंय, तास झाला तरी डाळ बोटात दाबली की कच्ची. 'अगं, इथली डाळच जुनी दिसतेय,' आई म्हणाली. डाळ डेन्व्हरच्या घरातूनच नेली होती, रोजचीच. तिथे पाणी नव्वदच्या आसपास सेल्सिअसलाच उकळतं, त्याच्या वर तापतच नाही, मग डाळ शिजणार कशी. आणि रात्री दोन वाजता तिचं डोकं ठणकायला लागलं, मळमळ, झोप नाही, बाबा खिडकीशी बसून राहिलेले. सकाळ होताच आम्ही खाली उतरलो आणि डेन्व्हरला संध्याकाळपर्यंत तिला बरं वाटलं. लेडविलला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे श्वासागणिक ऑक्सिजनही सत्तर टक्केच.

तेव्हापासून बुकिंग करायच्या आधी मी झोपायच्या जागेची उंची काढते, दिवसा किती वर जाणार हे नंतर. सीडीसीचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा, सल्लाही हाच आहे की कमी उंचीवरून आलेल्या माणसानं एका दिवसात थेट ९,००० फुटांच्या वर झोपायला जाऊ नये. आधी डेन्व्हरला दोनतीन रात्री, मग एस्टेस पार्कला, तिथून ट्रेल रिज रोडनं दिवसा १२,१८३ फुटांपर्यंत जाऊन परत खाली, हा क्रम बहुतेकांना चालतो. हृदयाचा, फुफ्फुसाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना उंचीचे आकडे दाखवून विचारा, 'डोंगरात जातोय' एवढंच सांगू नका. आणि त्रास वाढायला लागला तर सकाळची वाट बघू नका, खाली उतरा, आम्ही थांबलो ते चुकलंच.

डाळीचं म्हणाल तर प्रेशर कुकर बरोबर न्या. पहिले दोन हजार फूट सोडून पुढच्या दर हजार फुटांना शिजायचा वेळ पाच टक्के वाढवायचा. वीस मिनिटांची डाळ डेन्व्हरला तेवीसेक मिनिटं, लेडविलला अठ्ठावीस. राजमा, छोले रात्रभर भिजवूनच, आणि भाताला पाणी थोडं जास्त.